पंच नसलेला खेळ

गोल्फ हा खेळ आमच्या भंडाऱ्याकडील माणसाच्या आयुष्यांत सहसा येत नाहीं. आमच्याकडे मैदान म्हणजे धान कापून नेल्यावर उघडी पडलेली बांधी, आणि खेळ म्हणजे कबड्डी, व्हॉलीबॉल, किंवा टेनिसच्या चेंडूनें खेळलेलें क्रिकेट. श्रीमंतांनीं टोपी घालून हिरवळीवर सावकाश फिरावें, मध्येंच एका पांढऱ्या चेंडूस काठीनें टोला द्यावा, आणि काठ्यांचें ओझें मात्र दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवावें, एवढीच या खेळाविषयीं माझी कल्पना होती. ती बाळगूनच गेल्या मार्गशीर्षांत मी पुण्यास चिरंजीवांकडे गेलों. ती निम्मी चूक निघाली व निम्मी बरोबर.

चिरंजीव एका कंपनींत बऱ्या हुद्द्यावर आहेत. तीन वर्षांपूर्वीं त्यांनीं हा खेळ धरला. "बाबा, रविवारीं पहाटे माझ्याबरोबर चला. नुसतें चालायचें आहे, सात-आठ किलोमीटर तुमचे सहज होतात," असें ते म्हणाले. सूनबाईंनीं लोकरीची टोपी काढून दिली आणि "तिथें मोठ्यानें बोलायचें नाहीं हं, बाबा," अशी सूचनाही दिली. छत्तीस वर्षें वर्गांत मोठ्यानें बोलण्याचाच पगार घेतलेल्या माणसास ती सूचना आवश्यकच होती.

मोटारींत चिरंजीवांनीं मला खेळ समजावून दिला. अठरा भोकें असतात. प्रत्येक भोकांत चेंडू किती टोल्यांत जावा याची संख्या ठरलेली असते. जो कमी टोल्यांत जातो तो चांगला. इतकें समजण्यास मला दोन मिनिटें लागलीं. पण त्यानंतर त्यांनीं मैदानावरच्या शिष्टाचाराची जी माहिती दिली ती मी कान देऊन ऐकली. एक जण टोला मारण्यास उभा राहिला कीं इतरांनीं बोलूं नये, हलूं नये. त्याचा चेंडू व भोंक यांमधील रेषेवर पाऊल टाकूं नये, आणि शक्य तों आपली सांवलीही तीवर पडूं देऊं नये. वाळूच्या खड्ड्यांतून चेंडू काढल्यावर आपल्या पावलांचे ठसे दंताळ्यानें पुसून मगच पुढें जावें. टोल्यासरशीं गवताचें ढेकूळ उडालें तर तें परत जागेवर बसवून पायानें दाबावें. चेंडू माणसांच्या रोखानें गेला तर 'फोर' अशी आरोळी द्यावी. मागचे खोळंबले असतील तर त्यांना वाट द्यावी. आणि सर्वांत मुख्य, चेंडू जेथें पडला असेल तेथूनच, जसा असेल तसाच, मारावा.

मला आमच्याकडील धुऱ्याची आठवण झाली. दुसऱ्याच्या बांधीच्या धुऱ्यावरून खुशाल चालावें, पण तो खचला तर हातानें माती थापून पुढें जावें. वरच्या बांधींतील पाणी सोडावयाचें तर खालच्यास आधीं हांक द्यावी. हें कोणी लिहून ठेवलेलें नाहीं आणि तेथें पाहरा करण्यास कोणी उभाही नसतो. जो हें पाळीत नाहीं त्याला गांव ओळखून असतें, इतकेंच.

गोल्फवाल्यांनीं मात्र आपलें लिहून ठेवलें आहे. त्या खेळाचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने नियम १७४४ सालीं स्कॉटलंडांतील लीथ येथें झाले. ते अवघे तेरा होते. आपल्या देशांत कलकत्त्याचा क्लब १८२९ सालचा, आणि ब्रिटिश बेटांच्या बाहेर इतका जुना क्लब दुसरा नाहीं म्हणतात. शिष्टाचाराचें प्रकरण पूर्वीं नियमांच्या पुस्तकाच्या आरंभीं निराळें असे. २०१९ सालीं नियमांची फेरमांडणी झाली तेव्हां खेळाडूच्या वर्तनास थेट पहिल्याच नियमांत जागा देण्यांत आली. सचोटीनें वागावें, दुसऱ्याचा विचार ठेवावा, मैदानाची निगा राखावी, हा त्याचा सारांश. क्लबास वाटल्यास तो स्वतःची आचारसंहिता करून तीस दंडही जोडूं शकतो. परंतु नेहमींच्या खेळांत पंच नसतो. आपले टोले आपण मोजावयाचे, आणि आपल्या हातून नियमभंग झाला तर दंडाचा टोला आपणच आपल्या नांवावर मांडावयाचा.

बॉबी जोन्स या अमेरिकन खेळाडूची गोष्ट चिरंजीवांनीं मोठ्या अभिमानानें सांगितली. १९२५ च्या अमेरिकन ओपन स्पर्धेंत, टोला मारण्याची तयारी करीत असतां गवतांत त्याचा चेंडू किंचित् हलला. दुसऱ्या कोणाच्याही तें लक्षांत आलें नाहीं. त्यानें आपण होऊन एक टोला दंड मांडून घेतला. अखेरीस त्याची व विली मॅकफार्लेन याची बरोबरी झाली आणि फेरसामन्यांत तो एका टोल्यानें हरला. तो एक टोला त्यानें मांडला नसता तर फेरसामन्याची वेळच आली नसती.

शिष्ट कोणास म्हणावें याचा विचार पतंजलींनीं व्याकरणमहाभाष्यांत केला आहे. ज्यांच्या घरीं मडकाभरच धान्य असतें, जे लोभी नसतात, आणि ज्यांच्या सदाचरणामागें कांहीं दृश्य कारण सांपडत नाहीं, ते शिष्ट, असा त्याचा आशय. मडकाभर धान्याची अट पुण्याच्या त्या मैदानावर कोणास लागू पडती असें वाटत नाहीं. पण तिसरी अट जोन्सला लागू पडते. पाहणारा नसतां नीट वागणें, हीच शिष्टाची खूण. ऐकून मला फार बरें वाटलें; हा खेळ आपल्या मुलानें धरला यांत कांहीं वावगें नाहीं, असें मीं मनाशीं ठरवूनही टाकलें.

मैदान पाहिलें तें श्रावणांतील आमच्या बांधीइतकें हिरवें. त्यांतून एक दाणा पिकावयाचा नाहीं, हा विचार कांहीं केल्या मनांतून जाईना. पण तो दोष माझ्या डोळ्यांचा. खेळणारे चौघे होते. चिरंजीव, त्यांचे एक सहकारी, सत्तरीचे एक निवृत्त लष्करी अधिकारी, आणि एक व्यापारी गृहस्थ. प्रत्येकाबरोबर काठ्यांची पिशवी वाहणारा एकेक कॅडी. हीं बहुधा आसपासच्या वस्तींतील गरीब घरचीं मुलें असतात. त्यांना चेंडू कोठें पडेल, वारा कोणीकडचा, कोणती काठी घ्यावी, हें मालकाहून अधिक कळतें. १९९१ सालीं इंडियन ओपन जिंकणारा अली शेर हा आधीं कॅडीच होता, आणि चौरसिया या नामांकित खेळाडूचे वडील कलकत्त्याच्या मैदानावर हिरवळ राखण्याचें काम करीत.

सहाव्या भोकाशीं व्यापारी गृहस्थांचा चेंडू तळ्यांत गेला. त्यांनीं हातांतील काठी भिरकावून दिली, आणि मग वळून आपल्या कॅडीस, तो जेमतेम विशींतला असेल, सर्वांसमक्ष जें बोलले तें येथें लिहितां येत नाहीं. चूक काय, तर त्यानें दिलेली काठी. मुलगा मान खालीं घालून उभा राहिला. चिरंजीव बुटाची नाडी बांधूं लागले. त्यांचे सहकारी मोबाईल पाहूं लागले. मी परका, मला तर मोठ्यानें न बोलण्याचीच ताकीद होती.

निवृत्त अधिकारी तेवढे चालत गेले. त्यांनीं ती काठी उचलली, आपल्या रुमालानें तिची माती पुसली व पिशवींत ठेवली. मग त्या मुलास म्हणाले, "बेटा, जरा पाणी पिऊन ये," आणि ती जड पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेऊन पुढें चालूं लागले. व्यापाऱ्यांकडे त्यांनीं पाहिलेंही नाहीं. सत्तर वर्षांचा माणूस आपलें ओझें वाहतो आहे हें दृश्य त्या गृहस्थांनीं चाळीस-पन्नास पावलें सोसलें. मग ते लगबगीनें गेले, पिशवी मागून घेतली आणि पुढचें भोंक येईपर्यंत स्वतः वाहिली. पुढें ते कॅडीशीं कांहीं हळू बोललेले दिसले. क्षमा मागितली कीं पुढची काठी विचारली, तें मला ऐकूं आलें नाहीं.

राग गिळतां न येणें हा कांहीं एकट्या गोल्फचा रोग नव्हे. याच पुण्यांत डिसेंबर १९४८ मध्यें भाऊसाहेब निंबाळकर काठेवाडविरुद्ध ४४३ धावा करून नाबाद होते. ब्रॅडमनच्या ४५२ धावांच्या जागतिक उच्चांकाशीं बरोबरी व्हावयास नऊ धावा उरल्या होत्या. महाराष्ट्राच्या चार गडी बाद ८२६ धावा झालेल्या पाहून काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनीं पुढें खेळण्याचें नाकारलें व सामनाच सोडून दिला. निंबाळकरांना पुढें अधिकृत कसोटी सामना कधीं खेळावयास मिळाला नाहीं. त्यांच्या त्या नऊ धावा राहिल्या त्या राहिल्याच. पण हे दोष उघडे असतात. ते सर्वांना दिसतात, आणि म्हणून त्यांवर कोणी ना कोणी इलाज करतो, निदान त्यांची नोंद तरी राहते.

चौदाव्या भोकाशीं जें झालें तें कोणास दिसलें नाहीं. चौघांत नाश्त्याची पैज लागलेली होती. चिरंजीवांचा चेंडू उजवीकडे एका गुलमोहोराच्या मुळापाशीं जाऊन बसला. इतर तिघे डावीकडे लांब होते. आम्ही तिघे, चिरंजीव, त्यांचा कॅडी व मी, झाडाशीं गेलों. त्यांनीं चेंडू पाहिला, लांबवर इतरांकडे पाहिलें, आणि बुटाच्या टोंकानें चेंडू वीतभर अलीकडे, मोकळ्या गवतावर घेतला. माझ्याकडे त्यांनीं पाहिलें नाहीं. बाप हा घरांतल्या कपाटासारखा, त्याच्याकडे कोण पाहतो! कॅडीनें मात्र नेमक्या त्याच क्षणीं मान वर करून आकाशांतल्या घारी पाहण्यास आरंभ केला. मान इतकी वेळेवर वर करण्यास किती वर्षांचा सराव लागला असेल, हाच विचार माझ्या मनांत प्रथम आला.

टोला सुरेख बसला. पुढें भोकाशीं गेल्यावर सहकाऱ्यांनीं विचारलें, "किती?" चिरंजीव म्हणाले, "पांच." नियमाप्रमाणें दोन टोले दंड धरून ते सात होते. पैज ते एका टोल्यानें जिंकले. क्लबांतल्या टेबलावर गरम उपमा आला, आणि मीही तो खाल्ला.

आतां जें लिहावयाचें तें लिहिणें मला जड जात आहे.

१९९४ सालीं मी बत्तीस वर्षांचा होतों व आमच्या शाळेचा कबड्डीचा संघ माझ्याकडे होता. तालुक्याच्या स्पर्धेंत अंतिम सामना चालला होता. एका गुणाची आघाडी आमची होती आणि वेळ संपत आली होती. प्रतिपक्षाचा गडी चढाईस आला, आमच्या एका मुलाच्या खांद्याजवळून हात फिरवून परत गेला, आणि त्यानें त्या मुलाकडे बोट दाखविलें. मुलगा म्हणाला, लागला नाहीं. पंच दुसऱ्या बाजूस होते. त्यांना दिसलें नव्हतें व त्यांनीं गुण दिला नाहीं. मी रेषेजवळ उभा होतों. मला हात लागलेला दिसला. मीं सामना थांबवावयास लावला, त्या मुलास सगळ्या गांवासमोर पुढें बोलाविलें, खोटें बोलल्याबद्दल कान धरावयास लावले आणि मैदानाबाहेर काढलें. आम्ही सामना हरलों. दुसऱ्या दिवशीं प्रार्थनेच्या वेळीं मुख्याध्यापकांनीं माझ्या सत्यनिष्ठेची प्रशंसा केली. तो मुलगा दहावीस होता. त्यानंतर तो मैदानावर आला नाहीं, आणि परीक्षा झाल्यावर शाळेच्या बाजूसही फिरकला नाहीं. पुष्कळ वर्षें मी ही गोष्ट नव्या शिक्षकांना स्वतःच्या धैर्याचें उदाहरण म्हणून सांगत असें.

महाभारताच्या शल्यपर्वांत गदायुद्ध आहे. नाभीखालीं प्रहार करावयाचा नाहीं हा त्या युद्धाचा नियम. भीमानें दुर्योधनाच्या मांड्यांवर गदा घातली. दोघेही बलरामाचे शिष्य. तीर्थयात्रेहून परतून नेमका त्या वेळीं तेथें आलेला बलराम नांगर उगारून भीमावर धांवला, तेव्हां श्रीकृष्णानें त्याला दोन्ही बाहूंनीं धरून आवरलें. बलरामाचें समाधान झालें नाहींच. तो रथांत बसून द्वारकेस निघून गेला. हा प्रसंग मीं वर्गांत कितीदां तरी सांगितला आहे, आणि प्रत्येक वेळीं बलरामाची बाजू घेऊन सांगितला आहे. त्याला धरणारे हात होते, इकडे माझें लक्ष कधीं गेलें नव्हतें.

पुण्यांत दोन दिवस मी गप्प होतों. सूनबाईंस वाटलें, थंडी बाधली. त्यांनीं आल्याचा काढा दिला. तिसऱ्या रात्रीं जेवणानंतर गॅलरींत बसलों असतां मीं चिरंजीवांना त्या मुलाची गोष्ट सांगितली. गोल्फचें नांव काढलें नाहीं. ते ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "बाबा, चौदाव्या भोकापाशीं तुम्ही पाहिलंत ना?"

"पाहिलें."

"मग तेव्हांच कां नाहीं बोललांत?"

चारचौघांत तुझा पाणउतारा नको म्हणून, हें उत्तर माझ्या ओठांवर आलें होतें. तें खोटें नव्हतें, पण पुरें खरेंही नव्हतें. त्या मंडळींत मी 'यांचे वडील, संस्कृतचे जुने शिक्षक' म्हणून ओळख करून दिलेला माणूस होतों. मुलाचें उघडें पडलें असतें तर माझेंही पडलें असतें. दुसऱ्याच्या मुलास कान धरावयास लावून मीं नांव मिळविलें, आणि स्वतःच्या मुलापाशीं गप्प बसून तें राखलें. दोन्ही वेळां हिशेब माझ्याच नांवाचा होता. हें मीं त्यांना तसेंच सांगितलें. मुलापाशीं असें कांहीं बोलण्याची मला संवय नाहीं. बोलतांना मी समोरच्या इमारतींतल्या दिव्यांकडे पाहत होतों.

ते बराच वेळ बोलले नाहींत. "सगळेच थोडेंफार करतात," असें एकदां म्हणाले, आणि मग स्वतःच, "पण ते अधिकारी करत नाहींत," असें म्हणाले. नंतर विचारलें, "त्या कॅडीला काय सांगूं?" याचें उत्तर मला सुचलें नाहीं. अजूनही सुचलेलें नाहीं. नियमाच्या पुस्तकांत चुकलेल्या टोल्यांचा दंड आहे. ज्याला आपण आकाशाकडे पाहावयास शिकविलें त्याच्यासाठीं त्यांत कांहीं सांपडत नाहीं.

मी भंडाऱ्यास परतल्यावर पुढच्या रविवारीं त्यांचा फोन आला. त्यांनीं खेळास आरंभ करण्यापूर्वींच तिघांना गोष्ट सांगितली व नाश्त्याचे पैसे दिले. व्यापारी गृहस्थ मोठ्यानें हंसले आणि म्हणाले, इतकें काय मनावर घेतां! अधिकाऱ्यांनीं फक्त आपला चहाचा पेला पुढें केला, "मग दुसरा कपही तुमच्याकडून," इतकेंच म्हणाले, आणि विषय बदलला.

माघांत मी त्या जुन्या विद्यार्थ्याचा शोध काढला. तो साकोली तालुक्यांतील एका खेड्यांत शेती करतो. बसनें गेलों. अंगणांत धानाची रिकामी पोतीं वाळत घातलेलीं होतीं. केस पिकले आहेत. पण उभें राहण्याची ढब तीच. त्यानें वांकून नमस्कार केला, खाट टाकली, बायकोस हांक मारून "आमचे गुरुजी आले" म्हणून सांगितलें. खरेदी केंद्रावर धान देऊन महिना झाला तरी चुकारे मिळाले नाहींत, त्याविषयीं आम्ही थोडा वेळ बोललों. मग मीं वाटेंत घोकून आणलेलें वाक्य म्हटलें. तुझी चूक खरी असली तरी ती मीं सर्वांसमोर चव्हाट्यावर मांडावयास नको होती, त्याचें मला वाईट वाटतें, असें तें वाक्य होतें.

तो खाटेच्या दोरीशीं चाळा करीत राहिला. मग शांतपणें म्हणाला, "गुरुजी, त्याचा हात मला लागलाच नव्हता."

मला कांहीं बोलतां येईना. तीस-एक वर्षें तें दृश्य मी डोळ्यांपुढें स्पष्ट पाहत आलों होतों. त्या अंगणांत तें पुनः पाहूं लागलों तर हात आणि खांदा यांमध्यें उजेडाची एक बारीक चीर दिसे, पुनः पाहिलें तर दिसेना. आंतून बायको चहा घेऊन आली. तो म्हणाला, "साखर कमी टाकायला सांगितली आहे, तुम्हांला चालते ना?" चालते म्हटलें. परत येतांना फांट्यापर्यंत तो माझी पिशवी घेऊन बरोबर आला. मीं मागितली, पण त्यानें दिली नाहीं.